सालवनातल्या धावपट्ट्या : बंगालचे बी-२९ तळ आणि त्यांच्याखाली गेलेली शेते

१/
खडगपूर हे नाव महाराष्ट्रात दोन गोष्टींमुळे ठाऊक असते : रेल्वेचा लांबलचक फलाट आणि आयआयटी. या शहराच्या पश्चिमेचा आणि उत्तरेचा मुलूख उपग्रहचित्रात पाहिला, तर तिसरीही एक गोष्ट नजरेत भरते. सालवृक्षांच्या गर्द हिरव्या पट्ट्यात मध्येच करड्या रंगाच्या सरळसोट रेघा दिसतात. नद्या अशा सरळ वाहत नाहीत, खेड्यांतले रस्ते असे सरळ जात नाहीत. त्या धावपट्ट्या आहेत. सालुआ, दुधकुंडी, पियारडोबा, चाकुलिया आणि दूर पुरुलियाजवळची चर्रा. १९४४ साली जगातील सर्वांत मोठे लढाऊ बाँबफेकी विमान इथून उडत होते.

२/
या जागांविषयी समाजमाध्यमांवर अधूनमधून चित्रफिती फिरतात. भग्न भिंती, भेगांतून उगवलेले गवत, पार्श्वभूमीला गूढ संगीत आणि खाली मथळा : 'विस्मृतीत गेलेला ओसाड विमानतळ'. यातला 'ओसाड' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. विमान उडून गेले की तळ ओसाड झाला, ही वैमानिकाची दृष्टी. ज्या शेतकऱ्याच्या शेतावर धावपट्टी आली, त्याच्या लेखी ती जागा विमाने येण्याआधीच उजाड झाली होती. या तळांचा इतिहास विमानांपासून सुरू करण्याची जी रीत पडली आहे, ती मुळातच चुकीची आहे. तो सुरू व्हायला हवा १९४२ पासून, जमिनीपासून आणि भातापासून.

३/
मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला आणि जपानी सैन्य बंगालच्या दाराशी येऊन ठेपले. सरकारने दोन कामे एकदम हाती घेतली. पहिले म्हणजे शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून किनारी जिल्ह्यांतील जादा तांदूळ उचलणे आणि होड्या काढून घेणे किंवा निकामी करणे. दुसरे म्हणजे देशभर दोनशेहून अधिक विमानतळ उभारण्याचा घाईचा कार्यक्रम. दोन्हींचा भार ज्या जिल्ह्यांवर पडला, त्यांत मेदिनीपूर होता. खडगपूर याच जिल्ह्यातले.

४/
मेदिनीपूरचे त्या वर्षीचे दैव पाहावे. ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'चा वणवा पेटला. २९ सप्टेंबरला तमलूक येथे मातंगिनी हाजरा पोलिसांच्या गोळीबारात पडल्या. १६ ऑक्टोबरला चक्रीवादळ आणि समुद्राची लाट किनाऱ्यावर आदळली. दुष्काळ चौकशी आयोगाने नंतर नोंदवलेला आकडा १४,५०० माणसांचा आणि १,९०,००० गुराढोरांचा आहे. हाताशी आलेले भाताचे पीक खारे पाणी पिऊन झोपले. डिसेंबरमध्ये तमलूकच्या क्रांतिकारकांनी 'ताम्रलिप्त जातीय सरकार' स्थापले. सातारच्या प्रतिसरकारचे हे पूर्वेकडचे भावंड. म्हणजे इंग्रजी सत्ता जिथे उघड उघड धुडकावली जात होती, त्याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला त्या सत्तेचे मोठे लष्करी बांधकाम चालू होणार होते.

५/
जमीन घेण्याला कायद्याचे बळ होते. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी सरकारला कोणतीही स्थावर मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिलेला होता. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. भूसंपादनात मालकी सरकारकडे जाते. अधिग्रहणात कागदोपत्री मालकी मूळ माणसाचीच राहते आणि ताबा तेवढा जातो. कागदावर दुसरा प्रकार सौम्य दिसतो. पण नांगर धरणाऱ्याला मालकीपेक्षा ताबाच महत्त्वाचा असतो, आणि कुळाला तर मालकी नव्हतीच.

६/
सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ च्या अहवालात या विषयाला फार जागा दिलेली नाही. परंतु जे थोडे सांगितले आहे, ते पुरेसे आहे. लष्करी कामांसाठी बंगालात तीस हजारांहून अधिक कुटुंबांना घरदार आणि जमीन सोडावी लागली. त्यांना भरपाई दिली गेली, तरीही त्यांतील अनेक कुटुंबे १९४३ च्या दुष्काळात बळी पडली याबद्दल आयोगाला फारशी शंका वाटत नाही. सरकारनेच नेमलेल्या आयोगाची ही साक्ष आहे. कुणा विरोधकाचा आरोप नव्हे. एका कुटुंबात पाच माणसे धरली, तर दीड लाख लोक होतात.

७/
भरपाई मिळूनही माणसे का मेली? उत्तर भावात आहे. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ मध्ये तांदूळ मणाला तेरा-चौदा रुपये होता. मार्च १९४३ मध्ये तो एकवीसवर गेला आणि ऑगस्टमध्ये सदतीसवर. ज्याच्याकडे जमीन होती, त्याच्या घरी निदान कणगीत काही दाणे होते. ज्याच्याकडे जमिनीऐवजी नोटा आल्या, त्याच्या नोटा आठ महिन्यांत जवळपास तिपटीने हलक्या झाल्या. आणि भाव चढण्याच्या कारणांत युद्धखर्चासाठी छापलेला पैसा हे मोठे कारण होते. त्या पैशातला काही भाग विमानतळांच्याच ठेक्यांतून बाजारात उतरत होता. बंगालच्या दुष्काळातील मृत्यूंचा आकडा आयोगाने पंधरा लाख धरला. नंतरचे अभ्यासक, अमर्त्य सेन यांच्यासह, तो तीस लाखांच्या आसपास नेतात.

८/
आता विमान. बी-२९ सुपरफोर्ट्रेस : पंखांचा पसारा १४१ फूट, चार इंजिने, हवेचा दाब राखणारी बंदिस्त केबिन. तोवरच्या कोणत्याही बाँबरपेक्षा हे विमान लांब आणि उंच जाऊ शकत होते. अमेरिकेला ते जपानवर वापरायचे होते. पण १९४३ अखेर प्रशांत महासागरात जपानच्या टप्प्यात येईल असे एकही बेट तिच्या हाती नव्हते. मग 'ऑपरेशन मॅटरहॉर्न' आखले गेले. मुख्य तळ बंगालात, पुढचे तळ चीनमध्ये चेंगडूभोवती. विमानाने बंगालातून निघावे, हिमालय ओलांडावा, चेंगडूला इंधन भरावे आणि तिथून जपान गाठावा.

९/
नोव्हेंबर १९४३ मध्ये रूझवेल्ट यांनी यासाठी चर्चिल आणि चँग कै-शेक या दोघांना कळवले. चेंगडूची जमीन चीनची, म्हणून चिनी नेत्याला विचारले. खडगपूरची जमीन कोणाची, हे विचारण्याचा पत्ता लंडनचा होता. दिल्लीत गांधी-नेहरूंसह काँग्रेसचे सारे नेतृत्व त्या वेळी तुरुंगात होते. विचारायचे ठरवले असते, तरी अहमदनगरच्या किल्ल्यात आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये जाऊनच विचारावे लागले असते.

१०/
आधीच्या छोट्या धावपट्ट्या आता सुमारे दीड मैल लांब आणि कितीतरी जाड करायच्या होत्या. भरलेल्या विमानाचे वजन साठ टनांच्या घरात जाई. अमेरिकी अभियंत्यांच्या तुकड्या वेळेवर पोहोचत नव्हत्या. त्यामागची एक घटना फार कमी लोकांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी भूमध्य समुद्रात 'रोहना' हे जहाज जर्मन विमानाने सोडलेल्या नियंत्रित बाँबने बुडाले. जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचे होते आणि बहुतेक खलाशी हिंदी होते. त्यावर हिंदुस्थानच्या आघाडीकडे निघालेली अमेरिकेची विमानतळ बांधणारी एक अभियंता बटालियन होती. हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक आणि शंभराहून अधिक खलाशी बुडाले. अमेरिकी सरकारने ही दुर्घटना कित्येक दशके जवळपास दडवून ठेवली. आता अमेरिकेत त्या सैनिकांची स्मृती जपणारे लोक आहेत. खलाशांचे काय, हा प्रश्न इथेही तोच.

११/
काम अखेर झाले ते हातांनी. अमेरिकी सैन्याच्या अधिकृत इतिहासात सुमारे ६,००० अमेरिकी सैनिक आणि २७,००० हिंदी मजूर असा हिशेब येतो. स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, डोक्यावरच्या टोपल्यांनी माती वाहिली. कलकत्त्याजवळच्या बजबज बंदरापासून खडगपूरच्या तळांपर्यंत पेट्रोलची नळवाहिनी टाकली गेली. हे सारे १९४३-४४ च्या हिवाळ्यात चालू होते. त्या हिवाळ्यात बाजारात नवे भात आले होते, पण उपासाने खंगलेल्या शरीरांवर मलेरिया आणि देवीचा घाला सुरू होता. मृत्यूंची लाट शिगेला पोहोचली ती डिसेंबर १९४३ मध्ये.

१२/
इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण तिच्यावाचून चित्र एकरंगी होईल. भूमिहीन मजुराला विमानतळावरची रोजंदारी ही त्या हिवाळ्यात जगण्याची काठी होती. ज्या धावपट्टीने एकाचे शेत गिळले, तिनेच दुसऱ्याच्या चुलीत जाळ ठेवला. कधी कधी हे दोघे एकच असतील : काल आपल्या जमिनीवर भात लावणारा आज त्याच जमिनीवर खडी पसरत असेल. इतिहासाला अशा माणसाचे काय करावे ते कळत नाही. तो हुतात्मा नाही, सैनिक नाही, बंडखोरही नाही.

१३/
२ एप्रिल १९४४ रोजी पहिले बी-२९ चाकुलियाला उतरले. एप्रिलमधील सिंहभूमचे ऊन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. विमानाची इंजिने आधीच तापट स्वभावाची. अमेरिकेहून येताना कराचीच्या आसपास काही विमाने पडली आणि सगळ्यांची उड्डाणे काही दिवस थांबवावी लागली. उन्हात उभ्या विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नसे, त्यामुळे दुरुस्तीची कामे पहाटे आणि रात्री उरकावी लागत.

१४/
५ जून १९४४ रोजी या तळांवरून ९८ विमाने उडाली आणि बँकॉकच्या रेल्वे यार्डावर गेली. जगातील बी-२९ ची ही पहिली लढाऊ मोहीम. दुसऱ्याच दिवशी नॉर्मंडीचे महाअवतरण झाले, त्यामुळे बातमीला फारशी जागा मिळाली नाही. १५ जूनच्या रात्री चेंगडूमार्गे जपानमधील यावाता येथील पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. एप्रिल १९४२ मधील डूलिटल यांच्या धाडीनंतर जपानच्या मुख्य बेटांवर पडलेले हे पहिले बाँब. कारखान्याचे नुकसान मात्र नगण्य होते.

१५/
मॅटरहॉर्नचे गणितच आतबट्ट्याचे होते. चेंगडूला पेट्रोल नेण्यासाठी रस्ता नव्हता, म्हणून बाँबफेकी विमानांनीच पेट्रोल वाहायचे. जपानवरच्या एका फेरीसाठी एका विमानाला हिमालयापारच्या सुमारे सहा मालवाहू फेऱ्या कराव्या लागत. युद्धानंतर अमेरिकेच्याच बाँबफेक सर्वेक्षणाने निकाल दिला की चीनमधून जपानच्या मुख्य बेटांवर जेमतेम ८०० टन बाँब पडले, आणि ही सामग्री इतरत्र वापरली असती तर अधिक उपयोग झाला असता. आठशे टन! एवढ्यासाठी दोन देशांतील लाखो हात राबले. एकट्या चेंगडूच्या तळांवर तीन लाखांहून अधिक चिनी शेतकऱ्यांनी दगडी रूळ ओढले.

१६/
'जपानला रोखायला नको होते काय?' असा प्रश्न इथे हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. कलकत्त्यावर जपानी बाँब पडले होते. १९४४ च्या वसंतात इंफाळ-कोहिमाची लढाई पेटली होती, आणि तिथे महाराष्ट्रातील मराठा पलटणींनीही रक्त सांडले. परंतु इंफाळचे रक्षण आणि मॅटरहॉर्न या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आसाम-बंगालच्या सीमेवरची लढाई हिंदुस्थानच्या दारातली होती. बी-२९ चे उद्दिष्ट जपानचे पोलाद होते. हिंदुस्थानची भूमी या योजनेत केवळ पाय टेकण्याची जागा होती. त्यामुळे 'देशरक्षणासाठी शेते गेली' हे वाक्य या तळांना लावताना जरा थांबावे.

१७/
ऑगस्ट १९४४ अखेर कर्टिस लमे या तळांचे सेनापती झाले. १८ डिसेंबर १९४४ रोजी त्यांच्या विमानांनी चेंगडूहून जाऊन चीनमधल्या, जपानच्या ताब्यातल्या हांकौ शहरावर आगलावे बाँब टाकले. शहर दिवसेंदिवस जळत राहिले. पुढे लमे मारियाना बेटांवर गेले, आणि ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून मेली. हांकौ ही त्या रात्रीची रंगीत तालीम होती असे अनेक लष्करी इतिहासकार मानतात. ती ज्या दलाने केली, त्याचे मुख्यालय खडगपूरजवळ हिजलीला होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही.

१८/
जाता जाता एक आडवाट. या तळांवरची तीन विमाने १९४४ मध्ये बिघाडामुळे सोव्हिएत हद्दीत उतरली. पहिले पियारडोबाच्या गटाचे होते, उरलेली दोन खडगपूरच्या. सोव्हिएत सरकारने वैमानिकांना कालांतराने सोडले, विमाने ठेवून घेतली आणि त्यांचा खिळान् खिळा मोजून हुबेहूब नक्कल केली. तेच तुपोलेव्ह टीयू-४. सोव्हिएत संघाचे पहिले अण्वस्त्रवाहू बाँबर असे बांकुऱ्याच्या सालवनातून उडालेल्या विमानाचे वंशज निघाले.

१९/
मार्च १९४५ मध्ये शेवटची मोहीम सिंगापूरवर झाली. वसंत संपण्याआधी सारा फौजफाटा प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर हलला. ज्या तळांसाठी शेते गेली, त्या तळांवरून बी-२९ विमाने जेमतेम एक वर्ष उडाली.

२०/
मग 'उत्तरायुष्य' सुरू झाले, आणि ते प्रत्येक तळाचे वेगळे आहे. शेजारच्या कलाईकुंडाचा भारतीय हवाई दलाचा मोठा तळ झाला. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी सेबर विमानांनी त्यावर हल्ला केला, तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक यांनी दिलेली झुंज आजही सांगितली जाते. दुधकुंडी हवाई दलाच्या सरावाचे, म्हणजे जमिनीवरील लक्ष्यावर मारा करण्याचे, क्षेत्र बनले. सालुआत ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे मुख्यालय आले. १९७१ मध्ये चाकुलियाला मुक्तिवाहिनीच्या तरुणांचे प्रशिक्षण झाले. पियारडोबा आणि चर्रा मात्र मागे राहिल्या, आणि चित्रफितींतला 'ओसाड' बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो. पण तिथेही माणसे आहेत, गुरे आहेत, आणि दलम्याहून उतरणाऱ्या हत्तींच्या वाटा याच मुलखातून जातात.

२१/
जमिनीच्या कायद्याचे उत्तरायुष्य तर याहून लांब आहे. युद्ध संपले की भारत संरक्षण नियम संपणार होते आणि त्यांच्याबरोबर अधिग्रहणेही. तसे होऊ नये म्हणून १९४६ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९४७ मध्ये अधिग्रहित जमिनींवरील अधिकार चालू ठेवणारा कायदा झाला. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहण-संपादनाचा कायदा केला आणि जुनी अधिग्रहणे त्याच्या पोटात घेतली. 'तात्पुरत्या' ताब्याची मुदत पुढे वेळोवेळी दुरुस्त्या करून वाढवली गेली. इंग्रज गेले, अमेरिकी गेले, जपानी आलेच नाहीत. तात्पुरता ताबा तेवढा राहिला. स्वातंत्र्याच्या इतिहासात सत्तांतराची मध्यरात्र रंगवून सांगितली जाते. ज्याची जमीन धावपट्टीखाली होती, त्याच्यासाठी त्या मध्यरात्री फक्त मोहोर बदलली.

२२/
याच्या शेजारी हिजलीची कथा ठेवून पाहावी. खडगपूरजवळचा हिजलीचा बंदिवास राजकीय कैद्यांसाठी १९३० मध्ये उघडला. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तिथे नि:शस्त्र कैद्यांवर गोळीबार झाला; संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त ठार झाले. रवींद्रनाथांनी जाहीर निषेध केला, सुभाषबाबू मृतदेह न्यायला आले. युद्धात तीच इमारत बी-२९ दलाचे मुख्यालय झाली. १९५१ मध्ये तिथेच देशातील पहिल्या आयआयटीचे उद्घाटन झाले, आणि १९५६ च्या पहिल्या पदवीदान समारंभात नेहरूंनी तुरुंगाचे विद्यापीठ होण्यातला अर्थ आवर्जून सांगितला. आज ती वास्तू 'हिजली शहीद भवन' म्हणून जपली आहे, आत संग्रहालय आहे. उत्तम झाले.

२३/
पण एकाच परिसरातील दोन जागांपैकी एक स्मारक झाली आणि दुसरी 'ओसाड' ठरली, हे आपोआप घडलेले नाही. राष्ट्राची स्मृती नावांवर जगते. हिजलीला दोन नावे होती, तारीख होती, गोळी होती. धावपट्टीखाली गेलेल्या गावांना तारीख नाही, कारण ती एका दिवसात गेली नाहीत. उपासाने मेलेल्याला कोणी हुतात्मा म्हणत नाही. आणि युद्धाच्या स्मृतीत त्यांना जागा नव्हती, कारण ते युद्ध 'दुसऱ्यांचे' मानले गेले. विमानांची मात्र नावे आहेत. नाकावर रंगवलेल्या प्रत्येक चित्राची, प्रत्येक मोहिमेची, प्रत्येक वैमानिकाची नोंद अमेरिकेतल्या हौशी अभ्यासकांनी प्रेमाने जपली आहे. त्यांचा हेवा करण्याऐवजी त्यांचे अनुकरण केलेले बरे.

२४/
हा विषय आज पुन्हा निकडीचा का? जुन्या युद्धकालीन धावपट्ट्यांना प्रादेशिक विमानतळ म्हणून जिवंत करण्याच्या योजना पूर्व भारतात एकामागून एक येत आहेत. चाकुलियाजवळच्या धालभूमगडच्या जुन्या धावपट्टीवर २०१९ मध्ये विमानतळाची पायाभरणी झाली. मग जंगल आणि हत्तींच्या वावराचा प्रश्न पुढे आला आणि काम रखडले. विमानतळ होऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. जमशेदपूरच्या माणसालाही विमानाने जाण्याचा हक्क आहे. मुद्दा इतकाच की अशा प्रत्येक प्रस्तावात धावपट्टीची लांबी मोजली जाते, झाडे मोजली जातात, अलीकडे हत्तीही मोजले जातात. पण ती जमीन १९४२-४३ मध्ये कोणाकडून, कोणत्या अटीवर घेतली होती, हा रकाना नसतो. 'सरकारी जमीन आहे' एवढे पुरते. ती सरकारी झाली कशी, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. ते पायाभरणीच्या आधी झाले तर त्याला काही किंमत.

२५/
महाराष्ट्रात सातबारा, तसे बंगाल-झारखंडात खतियान. मेदिनीपूर, बांकुरा, पुरुलिया, चाईबासा येथील जुन्या जमीन-नोंदींच्या शोधातून गावांची नावे निघू शकतात. कागद जिथे मुके होतात, तिथे माणसे आहेत. हिजलीच्या आवारातच देशातील एक अग्रगण्य संस्था आहे, झाडग्राम आणि बांकुऱ्यात महाविद्यालये आहेत. एका उन्हाळी सुटीत दहा विद्यार्थी दोन तळांभोवतीची गावे पालथी घालू शकतात. विचारायचे प्रश्न साधे आहेत : गाव आधी कुठे होते, कोणी उठवले, पैसे किती मिळाले, ते किती दिवस पुरले, खडी फोडायला घरातले कोण गेले होते. फक्त हे काम पुढच्या पिढीवर टाकण्यासारखे नाही. पहिले बी-२९ चाकुलियाला उतरले तेव्हा जी मुले आठ-दहा वर्षांची होती, त्यांतली हयात असलेली आज नव्वदीत आहेत.